काशाची अक्का

अण्णा, आधी बातमी सांगते, रडणं मागून. नाणं आहे. तुम्ही ते वितळवलं नाही. काल दुपारी तुमच्याच घरात, तुमच्या फोटोपासून चार हातांवर बसून मी ते तळहातावर घेतलं. तेव्हापासून मला धड बसवत नाही की उठवत नाही. ज्या एका माणसाकडे येरमाळ्याची पहिली गाडी पकडून धावत जावं आणि ही गोष्ट सांगावी, तो माणूस नऊ दिवसांपूर्वी निघून गेला. म्हणून लिहितेय. आणि हेही आधीच सांगून ठेवते की मला तुमच्याशी भांडायचं आहे. एक गोष्ट तुम्हाला चार वर्षं माहीत होती आणि तुम्ही ती माझ्यापासून लपवलीत.

आपली ओळख माझ्या कानातल्या एका तुटलेल्या फुलामुळे झाली. कळंबच्या शाळेत मी नुकतीच इतिहास शिकवायला लागले होते. येरमाळ्याला गाडी बदलायची होती, तासभर वेळ होता, आणि स्टँडसमोर चहाच्या हॉटेलाला खेटून तुमचं ते एका माणसाला पुरेल एवढं दुकान होतं. तुम्ही म्हणालात, बसा, हा देव होऊ द्या. तुमच्या हातात चांदीचा टाक होता, बोटाच्या दोन पेरांएवढ्या पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा खंडोबा, नाकडोळे पार झिजून गेलेला. येडाईच्या दर्शनाला येणारी माणसं देवघरातले असे झिजलेले टाक तुमच्याकडे उजळायला द्यायची. कुणाचा देव असायचा, कुणाचं घरातलं गेलेलं माणूस असायचं. तुम्ही नवा टाक घडवायचात आणि जुन्याचा एक कण त्यात घालायचात, म्हणजे देव तोच राहतो. हे सगळं तुम्ही मान वर न करता सांगितलंत. माझं फूल त्या दिवशी झालंच नाही. गाडी गेली तरी मी तिथंच बसले होते, कारण तोवर तुम्ही बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे सरकवला होता.

मोडीत आलेल्या आणि तुम्हाला मोडवत नसलेल्या वस्तू त्या डब्यात होत्या. त्यात तेरची नाणी होती. तेरबद्दल मी वर्गात दर वर्षी घसा फोडून सांगते, की दोन हजार वर्षांपूर्वी तिथं मोठी पेठ होती आणि तेरणाकाठचा माल घाट उतरून बंदरावर, तिथून गलबतांनी पार रोमपर्यंत जायचा. पण पांढर म्हणजे काय ते मला तुमच्याकडून कळलं. जुन्या वस्तीची ती टेकाडं. त्यांची पांढरी माती लोक गाड्या भरभरून आणायचे आणि माळवदावर अंथरायचे, म्हणजे घर गळत नाही. त्या मातीबरोबर मणी यायचे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे यायचे, आणि कधीमधी काशाचं एखादं रोमन नाणं यायचं. रोमच्या सोन्याच्या नाण्यामागे सगळे लागतात. काशाच्या नाण्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे लोकांनी ती लागतील तशी वापरली. तुमच्या डब्यात मोजून चार होती आणि त्यातलं एकही धड नव्हतं.

एक ठोकून ठोकून सपाट केलेलं आणि मध्ये भोक पाडलेलं. ते कुणाच्या तरी नांगराच्या बोल्टाखाली चकती म्हणून बसलं होतं. एक मधोमध तोडलेलं. एकाची कड घासून त्याची गोल गुंडी केलेली. आणि चौथ्याला दोन भोकं, कारण ते पोळ्याला बैलाच्या कपाळपट्टीवर शिवायचे. रोमचा बादशहा आमच्या बैलाच्या कपाळावर मिरवून आला, म्हणत तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. मला मात्र हसू आलं नाही. मी हळहळत होते. किती खराब केली हो ही नाणी, असं मी म्हणाले, आणि तिथं आपलं भांडण सुरू झालं.

"खराब न्हाईत बाई," तुम्ही म्हणालात, "कामाला लागलीत."

हे भांडण आपण अकरा वर्षं पुरवून पुरवून वापरलं. माझं म्हणणं असं, की नाणं टाकसाळीतून निघालं तेव्हा जसं होतं तसं हाती यावं, त्यानंतर त्याला जे झालं ती सगळी नासाडी. तुमचं म्हणणं असं, की टाकसाळीतून निघालं त्या दिवशी ते कुणाचंच नव्हतं. कुणीतरी ठोकलं, टोचलं, कापलं, तेव्हा ते कुणाचं तरी झालं. मी पुस्तकं आणायची, तुम्ही भिंग काढायचात. पुस्तकात भोक पडलेल्या नाण्याची किंमत निम्म्यानं घसरते. तुमच्याकडे भोक पडलं की नाण्याची गोष्ट सुरू व्हायची. भोक कोणत्या बाजूनं पाडलंय ते आधी बघा, असं तुम्ही शिकवलंत. ज्या बाजूनं टोचलं तिची कड आत वळते आणि गुळगुळीत राहते, दुसऱ्या बाजूला काटे येतात. म्हणजे टोचणाऱ्याला कोणती बाजू दाखवायची होती ते कळलं. मग भोकाची कुठली कड झिजलीय ते बघा, म्हणजे ते कसं लटकत होतं ते कळलं. मी इतिहासात एम. ए. झालेली बाई, अण्णा, पण नाणं कुणाच्या तरी गळ्यात लटकलेलं असतं आणि तो गळा कुठल्या बाजूला होता हे विचारायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दर रविवारी मी कळंबहून यायची ती यासाठी. तुमच्या घरी काकू म्हणायच्या, हिला नवऱ्यानं सोडलंय का काय. माझा नवरा म्हणायचा, तुला अण्णांनी दत्तक घेतलंय का काय.

आणि मग तो रविवार. माकणीच्या सुगंधाबाई दुकानात आल्या. साठी उलटलेली, डोक्यावर पदर, बरोबर सून. गळ्यातल्या पोतीतून त्यांनी एक वस्तू सोडवून तुमच्या पुढ्यात ठेवली. तिची कडी झिजून तुटायला आली होती आणि ती बदलून हवी होती. मी तुमच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काशाचं नाणं होतं, रुपयापेक्षा मोठं, आणि त्यावर बाईचा चेहरा. एका बाजूला पाहणारी, सरळ नाक, मानेवर घट्ट अंबाडा. माझ्या पुस्तकातल्या चित्रात अशा राण्या होत्या. प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती.

त्यांनी काय सांगितलं ते तेव्हा मी अर्ध्या कानानं ऐकलं. आज सगळं आठवतंय. त्यांच्या मालकांची पहिली बायको बाळंतपणात गेली, आणि रीतीप्रमाणे दुसरीच्या गळ्यात पहिलीचा, म्हणजे अक्काचा, टाक घालायचा तर घरात चांदी नव्हती. सासूचं माहेर तेरचं. माळवदाच्या मातीत सापडलेला हा बाईचा चेहरा त्या माउलीनं जपून ठेवला होता. तिनं तो येरमाळ्याच्या जत्रेत आणला, तुमच्या वडिलांनी त्याला कडी लावली, आणि सोळा वर्षांच्या सुगंधाच्या गळ्यात अक्का आली. तेव्हापासून सणाची नवी साडी आधी अक्काला दाखवायची आणि मग नेसायची. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला पहिला घास अक्काला. दर दसऱ्याला चिंच लावून, राखेनं घासून अक्काला न्हाऊ घालायचं. सवत म्हणून त्यांनी तिचा उल्लेख एकदाही केला नाही.

मी काय केलं? मी ओरडले. अहो ही रोमची राणी आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची, ही तुमची अक्का कशी असेल, असं भर दुकानात म्हणाले. वर न विचारता नाण्याचा फोटो काढला, आणि मोबाइलवर एका राणीचं चित्र शोधून त्यांच्या नाकासमोर धरलं, बघा, हाच अंबाडा, हेच नाक. कोणती राणी ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, तरी माझा आवाज स्टँडपर्यंत गेला असेल. मला वाटलं त्यांना आनंद होईल. इतकी मोलाची वस्तू गळ्यात होती म्हणून त्या हरखतील. सुगंधाबाई चित्राकडे पाहत राहिल्या, मग नाण्याकडे, मग सुनेकडे. वस्तू तिथंच तराजूपाशी ठेवून त्या उठल्या. दारात त्यांनी तुम्हाला सांगितलं, की हे मोडून टाका आणि मला चांदीची अक्का करून द्या.

त्या गेल्यावर मी तुमच्या हातापाया पडले. हे नाणं वितळवू नका, जुन्याचा कण म्हणून दुसरं कुठलंही काशाचं घ्या, त्यांना काय कळणार, असंही म्हणाले. तुम्ही भिंग खाली ठेवलंत. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यावर चिडलेला तो पहिला दिवस.

"नाणं वळखलाव, बाई. पर ते कुणाच्या गळ्यातलं हाय ते इचारलं न्हाई. आधी माकणीला जावा आन् त्या माउलीची माफी मागा. मग मला काय ते इचारा."

मला मिरच्या झोंबल्या. मी खरं तेच बोलले होते. खरं बोलल्याची माफी कसली मागायची? इतिहास शिकवणाऱ्या बाईनं खोटं खपवून घ्यायचं का? हे सगळं मी तुम्हाला ऐकवलं, आणि शिवाय आणखी एक भांडण उकरून काढलं. नाणं दागिन्यासारखं लटकवलंय ते जुन्या काळातच, दोन हजार वर्षांपूर्वी, असं मी म्हणत होते. तुम्ही कडीवर बोट ठेवलंत. ही माझ्या बापानं लावलीय, म्हणालात. त्यांचा अंगठा ताठ होता म्हणून त्यांची प्रत्येक कडी जराशी डावीकडे कलायची, तशी ही कलली होती. मी म्हणाले, कडी त्यांची असेल, पण सांध्याखाली गोल सावली दिसतेय, तिथं आधीचं भोक आहे. तुम्ही म्हणालात, तो सांध्याचा मळ आहे. मी म्हणाले, तुम्हाला बापाच्या कामापुढे काही दिसत नाही. हे बोलायला नको होतं. तुम्ही नाणं फडक्यात गुंडाळून गल्ल्यात टाकलंत आणि मी पर्स उचलून बाहेर पडले.

वर्षभर मी आले नाही. पुढच्या दिवाळीला काकूंनी निरोप पाठवला, की म्हातारा दर रविवारी दोन चहा मागवतो आणि एक गार होतो. मी आले. तुम्ही काही झालंच नाही असं डबा पुढे सरकवलात. पुन्हा रविवार सुरू झाले, हसणं सुरू झालं, पण त्या नाण्याचं नाव निघालं नाही. एकदा मी धीर करून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, त्यांचं त्यांना दिलं. मी समजले, चांदीची अक्का दिली आणि काशाची मुशीत गेली. त्या रात्री मी जेवले नाही. तुमचा खूप राग आला आणि तुमच्यावर मायाही तेवढीच होती, आणि हे दोन्ही घेऊन दर आठवड्याला तुमच्यासमोर बसायचं अवघड जायचं.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. मी माकणीला निघाले होते. गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत. धाराशिवहून लोहाऱ्याच्या गाडीत बसले, लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरले, माकणीची गाडी लागलेली होती. कंडक्टर विचारत होता, बाई येताय का. मी उसाचा रस प्यायले आणि परतीच्या गाडीत बसले. मनात हेच, की मी चुकीचं काय बोलले? शेवटी दवाखान्यात भेटायला आले तेव्हा नाकाला नळी होती तरी तुम्ही विचारलंत, माकणीला गेलाव का. मी म्हणाले, वेळच मिळत नाही हो अण्णा. तुम्ही कूस बदललीत. मला वाटलं दमलात. हे मला आता जन्मभर पुरणार आहे.

आता कालचं. काकू आतल्या खोलीत चटईवर बसल्या होत्या, मी त्यांच्याशेजारी. भेटायला माणसं येत होती, जात होती. तीनच्या सुमाराला एक जीप थांबली आणि सुनेचा हात धरून सुगंधाबाई उतरल्या. मी त्यांना लगेच ओळखलं. माझा पहिला विचार काय होता सांगू? मागच्या दारानं निघून जावं. पण काकूंनी माझा हात घट्ट धरला होता, आणि त्या रडायला लागल्यावर सोडवून घेणं जमलं नाही. सुगंधाबाई काकूंच्या गळ्यात पडल्या. दोघी रडल्या, शांत झाल्या. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. तुमी त्या शाळंच्या बाई न्हवं, असं विचारलं.

व्हय म्हणाले. आणि अण्णा, चार वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते एका दमात बाहेर पडलं. मी म्हणाले, त्या दिवशी मी तुमच्या अक्काला नाही म्हणाले, ते माझं चुकलं. मला नाणं दिसलं, तुम्ही दिसला नाहीत. काकूंसमोर, सुनेसमोर, दारात उभ्या दोन परक्या माणसांसमोर बोलले. बोलून झाल्यावर कळलं की मी खोटं काहीच बोलले नव्हते आणि तरी माफी खरी होती. हे इतकं सोपं होतं. याला लोहाऱ्याहून पंधरा-वीस मिनिटं पुढे जायचं होतं फक्त.

त्या म्हणाल्या, चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. पन्नास वर्षं आपण कुणाला जेवू घातलं आणि अक्का तिकडं उपाशीच राहिली का, हेच डोक्यात. मग पाचव्या दिवशी तुम्ही माकणीला गेलात. दोन गाड्या बदलून, पायाच्या सुजेसकट, वस्तू खिशात घेऊन. हे तुम्ही आम्हाला कुणाला सांगितलं नाहीत. काकूंनाही वाटलं होतं तुम्ही लग्नाला गेलात. सुगंधाबाईंच्या ओसरीवर बसून तुम्ही त्यांना जे म्हणालात ते त्यांनी काल जसंच्या तसं सांगितलं.

"बाई खरं बोलल्यात. तोंड राणीचंच हाय. पर पन्नास वर्सं हाक कुणाला मारत होताव? जिला मारलाव तिनंच ऐकली असंल की."

आणि त्यांनी पोतीला धरून वस्तू पदराबाहेर काढली. समोरून चांदीची अक्का, तुमच्या हातची, कुंकवाचं टिंब, नाकात नथ, पदर डोक्यावर. मनात आलं, म्हणजे खरंच वितळवलं. मग त्यांनी ती उलटी केली. मागच्या बाजूला चांदीच्या कोंदणात काशाची राणी बसवलेली, छातीला टेकेल अशी. एका टाकाला दोन तोंडं. त्यांनी पोत गळ्यातून काढली आणि आपणहून माझ्या तळहातावर ठेवली. नाणं अंगाच्या उबेनं गरम होतं.

आता भांडायची गोष्ट ऐका. कोंदणात बसवायचं म्हणून तुम्ही वडिलांची कडी उतरवलीत. आणि त्या जागी, राणीच्या डोक्याच्या वर बरोबर मध्यावर, भोक आहे. मी उठून खिडकीशी गेले, चष्मा कपाळावर चढवला, काकूंना वाटलं मला भोवळ आली. भोक चेहऱ्याच्या बाजूनं पाडलेलं आहे. कड आत वळलेली, गुळगुळीत. वरची कड दोऱ्यानं खाऊन खाऊन पातळ झालेली. आणि भोकाच्या आत तोच हिरवा-काळा थर, जो केसांच्या खोबणीत आहे, जो मातीत शतकानुशतकं पडल्याशिवाय येत नाही. एका कडेला तुमच्या वडिलांच्या सांध्याचा बारीकसा ठिपका अजून चिकटून आहे. त्यांनी जुन्या भोकात कडीचा पाय रोवला आणि वरून झाळ देऊन सांधलं. म्हणजे सावली भोकाची होती आणि कडी तुमच्या बापाची होती. आपण दोघंही बरोबर होतो, अण्णा. सबंध अकरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं आणि तुम्ही मला कळवलं नाहीत.

मी काल तिथंच, सुतकाच्या घरात, हसायला लागले. कुणी काय समजलं असेल ते असो. तेरच्या पेठेत कुणीतरी एक बाई होती, तिनं किंवा तिच्या माणसानं हे परदेशी नाणं सोनाराकडे नेलं, आणि त्या सोनारानं पुढूनच टोचलं, डोक्याच्या वर मध्यावरच टोचलं, म्हणजे चेहरा सरळ लटकावा. त्याला चेहरा महत्त्वाचा होता. तुमच्या वडिलांना चेहरा महत्त्वाचा होता. तुम्हालाही. दोन हजार वर्षांत तीन सोनारांनी या एका नाण्यावर हात चालवला आणि तिघांनीही बाईला सरळ धरलं. मी याला नासाडी म्हणत होते. मी हरले, आणि हरल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. तुमच्याकडून मान हलवून घ्यायची राहिली, एवढंच.

काकूंना मी विचारलं, त्यांना हे भोक दिसलं होतं, तर मला का नाही सांगितलं? काकूंना भोकाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नुसतं एवढं सांगितलं, की माकणीहून आल्यापासून म्हातारा दर रविवारी तू यायच्या आधी म्हणायचा, आज ती जाऊन आलेली असंल. म्हणजे तुम्ही लपवलं नव्हतं. तुम्ही ते माकणीला ठेवलं होतं, माझ्यासाठी, आणि वाट बघत होता. भांडण इथं संपलं. रडणं मागून म्हणाले होते, ते तेव्हा आलं. सुगंधाबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ज्या बाईला मी चार दिवस उपाशी ठेवलं तिचा हात होता तो.

डोळे पुसले आणि सवयीनं माझा हात पर्सकडे गेला, मोबाइल काढायला. अर्ध्यातच थांबले. त्या वेळी दुकानात न विचारता काढला होता, तो हललेला निघाला होता. या वेळी विचारलं. तुमच्या अक्काचा फोटो काढू का, मुलांना दाखवायला, चार माणसांना सांगायला?

"काढा की," सुगंधाबाई म्हणाल्या. पदर सारखा करून घेतला, नाणं स्वतःच्या तळहातावर उजेडाला धरलं. मग काहीतरी आठवून त्यांनी मूठ मिटली. "पर खाली नाव काय लिवणार? राणीचं नाव काय व्हतं?"

मी भोवतीची अक्षरं बोटानं चाचपली. पन्नास दसऱ्यांची चिंच आणि राख. एका ठिकाणी एक उभी रेघ, एका ठिकाणी अर्धं वर्तुळ, बाकी सगळं लख्ख पुसून गेलेलं. मी म्हणाले, नाव वाचता येत नाही, ती कोण ते कुणालाच सांगता येणार नाही.

त्यांनी मूठ उघडली. "मग अक्काच लिवा."

तेच लिहिलंय, अण्णा.